बल्ब पांढरा होईपर्यंत

अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेलचा कारखाना.
लाइट गेली दोन दहाला, आली तीन चाळीसला.
चार वाजता चिलवेरीशेठचा फोन:
"मॅडम, सर्व्हर चालू आहे, पण काहीच चालू नाही."

दुखणं इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

लोखंडी पेटीत तीन यंत्रं राहतात,
हात लावता येत नाही अशी.
एक बिलं करतं, एक हजेरी घेतं,
एकात सगळ्या ऑर्डरी, टॉवेलच्या काठांच्या रंगांसकट.
यजमान जागा झाला की तिघांनी आपोआप उठायचं,
हे मीच लिहून ठेवलेलं.
आणि उठली होती की!
स्क्रीनवर तीन हिरवे ठिपके.
फक्त पत्ता नव्हता एकाकडेही.
नेटवर्ककडे मागितला, पलीकडे कुणीच नव्हतं,
मग प्रत्येकानं मनानंच एकेक पत्ता लावून घेतला
आणि त्या पत्त्यावर बसून राहिली.

हातानं बंद केली, हातानं चालू केली. चालली.
हाच तर वैताग:
दवाखान्याच्या पायरीवर पोराचा ताप उतरावा
तसं मी पोचले की सगळं बरं.

नोंदी वाचल्या.
तीन एकेचाळीस, यजमान उठला.
तीन बेचाळीस, तिघं उठली.
केबलीत जीव आला तेव्हा त्रेचाळीस वाजून गेलेले.
लिहिलं: नव्वद सेकंद थांबा.
आणि विजापूर वेशीत घरी येऊन झोपले.

गुरुवारी परत फोन.
आता फट चार मिनिटांची.
केबल काही इतकी लहरी नसते.

तिच्या मागोमाग चालत गेले,
वार्पिंग खात्यातून, बॉबिनांच्या क्रेटमागून,
भिंतीतल्या भोकातून थेट वॉचमनच्या खोलीत.
तिथं स्विचची डबी, सिद्रामप्पाच्या बोर्डावर,
रेडिओ आणि मच्छरवाल्या मशिनीच्या मधोमध.

"हे बटण कोण लावतं?"
"मीच की ओ."
"लाइट आल्या आल्या?"
"आल्या आल्या कशाला?
एकदा लावलो, पाण्याची मोटार जळाली.
आता आधी बल्ब बघतो.
पिवळा असला की थांबायचं. पांढरा झाला की लावायचं."
"किती वेळ लागतो?"
"ते बल्बाला ठाऊक."

परत येऊन नव्वद खोडलं.
यजमाना, तू उठ, पण कुणाला उठवू नकोस.
राउटरला हाक मार.
ओ आली नाही तर पाच सेकंदांनी परत मार.
ओ आली की आधी ऑर्डरींचं यंत्र,
ते बोलायला लागलं की मग बाकीची दोन.

(स्विच यूपीएसवर घ्या म्हटलं शेठना.
"दिवाळीनंतर बघू," म्हणाले.)

रात्री अकराला मेन स्विच पाडून बघितला.
खोलीत अंधार, गरम भिंतींचा वास,
यूपीएस रडत रडत गप्प झाला.
मेन चढवला. लांब पेटीचा पंखा फिरायला लागल्याचा आवाज.
"आत कोण थांबलंय का आता?" सिद्रामप्पानं विचारलं.
"तिघं. दर पाच सेकंदांनी एक हाक."
"विचारतंय ना? मग होतंय."

डोक्यावर बल्ब, हळदीसारखा.
त्याचं बोट बटणावर.
मी मोबाइलमध्ये वेळ बघायला गेले
आणि राहू दिलं.