तिसरा तुकडा

पार्किंगमधल्या कॅरमबोर्डावर
इलियास मणियारनं दोन तुकडे ठेवले.
एक लोखंडाचा, लाल रंग दिलेला, हातभर.
दुसरा नारिंगी, सीपीव्हीसी,
फुंकर मारली तर घरंगळेल असा.
“बगा उचलून.”

आम्ही टरबूज बघतात तसे बघितले,
बोटानं टिचकी मारत.
लोखंड वाजलं. नारिंगी नुसता टकटकला.
बिराजदार सर म्हणाले, “वाजतं तेच खरं.”
सर गणिताचे, पण त्या दिवशी कानानं मोजत होते.

वर स्लॅबला अजून काजळी होती.
चार्जिंगला लावलेली स्कूटर, मार्चमधली रात्र,
बाराव्या मजल्यापर्यंत चढलेला धूर
आणि हलगरकर काकूंना खुर्चीसकट खाली आणणारी चार पोरं,
ज्यांची नावं आम्हाला तोवर ठाऊक नव्हती.
म्हणून ही मीटिंग.
एरवी आम्ही लिफ्टच्या पंख्यावरून भांडलो असतो.

मी खजिनदार. वहीत दोन रकाने.
लोखंड: सहा मीटरचा नळ लिफ्टमध्ये मावत नाही,
बारा मजले जिन्यानं, खांद्यावर.
घराघरात आटे पाडायचे, तेल सांडणार,
वेल्डिंगची ठिणगी कुणाच्या तरी गादीवर.
कुणीतरी हसलं,
आणि काजळीकडं बघून गप्प झालं.
नारिंगी: कापा, सोल्युशन लावा, धरून बसा.
पण उन्हात नको, उघड्या पार्किंगमध्ये नको,
आणि तेल तर मुळीच नको, खोबरेलसुद्धा;
महिन्यांनी कधीतरी तडकतो, न सांगता.

सर तरी लोखंडावरच.
मग इलियासनं पिशवीतून तिसरा तुकडा काढला.
आमच्याच बोअरच्या लाइनचा. अकरा वर्षांचा. मधोमध कापलेला.
आत पांढरट, तांबूस, थरावर थर;
दोन इंची नळात उरलेली वाट करंगळीएवढी.
“लातूरचं पाणी हाय मॅडम.
दगुडच म्हणा, पातळ केलेला.”

सरांनी चष्मा काढून आत पाहिलं.
बराच वेळ पाहिलं.
त्यांची बायपास मागच्या दिवाळीत झालेली.
“घरात नारिंगी घ्या,” ते म्हणाले,
आणि तुकडा बोर्डावर उपडा ठेवला.

पार्किंगला आणि शाफ्टला लोखंडच,
उभा नळ सहा इंची, जाड,
त्याला झिजायलाही वेळ लागेल.
वहीत बेरीज केली. माझा हात थरथरला,
ते आकड्यामुळं.

खरं भांडण त्यानंतरचं. पाण्याचं.
गच्चीवरची टाकी, पंचवीस हजार लिटर:
भरायची, कुलूप लावायचं,
आणि वापरायची नाही.
जिथं नळ नवव्या दिवशी येतो, तिथं.
तिसऱ्या मजल्यावरची उषा कासले म्हणाली,
“मेमध्ये किल्ली कुणाकडं ऱ्हाणार, ते आधी सांगा.”
किल्ली माझ्याकडं आली.
डाळीच्या डब्यात आहे.
कुठल्या डाळीच्या, ते सांगत नाही.

टेस्टिंगच्या दिवशी चौदा किलोचं प्रेशर, दोन तास.
इलियास काट्यासमोर उकिडवा बसून होता,
बिडी हातात, न पेटवलेली.
काटा हलला नाही.
तो उठला, गुडघे वाजले,
आणि जाताना प्रत्येक घरात एकच सांगत गेला,
“ह्याला काय बी लटकवू नका. आकाशकंदील बी.”

पहिल्या रात्री दिवा मालवून पडले.
वर काचेची लाल थेंबुली,
अडुसष्ट अंशाला फुटणारी.
तिच्यामागं पाणी, उभं, गच्च,
आवाज न करणारं.
जन्मभर पाण्याची वाट बघत झोपले,
पाण्याखाली कधी झोपले नव्हते.
डोळा लागेना.
उठून एक पातेलं आणलं,
बरोबर तिच्याखाली ठेवलं.
नंतर कळलं, कासलेंकडं बादली होती, सरांकडं परात.

सकाळी पातेलं कोरडं.
तसंच उचललं
आणि त्यात चहा टाकला.