चौदा नंबरचा खांब

कयानी गावात, नदीच्या वरच्या अंगाला,
सत्तावीस बिऱ्हाडांची एक इमारत. अंगणात सत्तावीस खांब,
कमरेएवढे, करडे, डोक्यावर पत्र्याची टोपी.
मी वीजवाली. मला सांगितलं होतं:
चौदापासून बावीसपर्यंतचे काढ, नवे बसव,
ज्यांवर गाड्या रात्रभर चरतील.

जुन्यांचं काम एवढंच होतं:
उणे पंचविसात इंजिनाला दोन तास ऊब द्यायची,
म्हणजे पहाटे ते कण्हत का होईना, उठेल.
झाकण उघडलं की आत घड्याळाची तबकडी, बारीक दातांची.
निघायची वेळ असेल तिथला दात ओढून ठेवायचा.
पंधरा: सव्वापाच, बेकरी.
अठरा: सात, शाळा.
बावीस: दात कुठेही, कसेही. घरात सतरा वर्षांचा मुलगा.

उर्पो हाकरायनेन मागे मागे फिरत होता.
एकेचाळीस वर्षं इथला राखणदार,
निवृत्त झाला, पण किल्ल्यांचा जुडगा काही सोडला नाही.
मी स्क्रू काढायचे, तो उचलून खिशात टाकायचा.
"कशाला?"
"असू दे."

मार्चमधली सभा मला आठवत होती,
कपडे वाळवायच्या खोलीत, कुणाच्या तरी ओल्या चादरींखाली.
ज्याला गाडीच नाही, त्यानं का भरायचं?
मग लिफ्टचं काय, तळमजलाही भरतोच ना?
दीड तास भांड्याला भांडं लागत होतं.
मी म्हटलं, इमारतीत वीज येते ती एवढीच.
नऊ गाड्या एकदम प्यायल्या तर फ्यूज जाईल.
म्हणून एक वाढपी बसवू, यंत्राचा,
जिला निकड तिला आधी,
बाकीच्यांना घोट घोट.

तेव्हा उर्पो उठला. तोवर तो विरोधात होता,
त्याची डिझेलची गाडी माझ्याहून मोठी आहे वयानं.
"आणि शनिवारी? संध्याकाळी सहाला?
सौनाची भट्टी?"

खोली गप्प झाली.
खरा प्रश्न हा होता, बाकीचं नुसतं बोलणं.

"सौना आधी," मी म्हटलं. "गाड्या थांबतील."

चार मिनिटांत ठराव मंजूर.

चौदाला कुलूप होतं आणि किल्ली उर्पोकडेही नव्हती.
इर्या मुस्तापार्ता खाली आली, कोटाच्या आत झोपायचा झगा.
गाडी विकून सहा वर्षं झाली, जागेचं भाडं अजून भरते.
तबकडीवर पावणेचारचा दात ओढलेला.
"पेपर टाकायचा तो," एवढंच म्हणाली.
मी तबकडी पुढे केली.
तिनं हात मागे घेतला. "हिचं मी काय करू?"
मग नव्या खांबाभोवती एक चक्कर मारून, चाचपून, म्हणाली,
"याला साधं भोक नाही?
मेमधे अंगण झाडतो आम्ही सगळे.
कॉफीचं भांडं मी इथेच लावते."

नव्या खांबाला साधं भोक नव्हतं.
कंपनीच्या चित्रातही नव्हतं, अंदाजपत्रकात तर नव्हतंच.
गाडीच्या डब्यात एक जुना सॉकेट पडला होता.
तो बसवायला चार स्क्रू कमी पडले.
उर्पोनं खिशात हात घातला.
माझ्याकडे बघितलं नाही, मीही त्याच्याकडे नाही.

नोव्हेंबरात तपासणीला गेले. शनिवार होता, मुद्दाम तोच निवडलेला.
चौदावर आता शाळेतल्या पिया-रीताची गाडी,
इर्याला महिन्याला भाडं देते, कधी दळलेल्या वेलचीचा पाव.
सहा वाजून दोन मिनिटांनी
नवाच्या नवा हिरवे दिवे पिवळे झाले.
गाड्या बर्फात उभ्या, कुठे आवाज नाही,
तळघराच्या झरोक्यातून वाफ.

पाऊण तासानं उर्पो बाल्कनीत आला,
लालबुंद, कमरेला टॉवेल, खांद्यांवरून धूर निघावा तशी वाफ,
आणि कठड्यावर वाकून बोटानं मोजू लागला.
"नऊ," वरून ओरडला.
"सगळ्या थांबल्यात."

मी वहीत लिहिलं: यंत्रणा ठीक.