समजूतदार

दिगू कालव्यात गेला त्या वर्षी
मी चौथीत होतो.
जनता वसाहतीच्या खालच्या अंगाला
पाणी तेव्हाही असंच वाहायचं, मळकं, घाई नसलेलं.
एक चप्पल काठावर राहिली. डावी.
ती मी दप्तरात ठेवली, कुणाला सांगितलं नाही.

माणसं म्हणाली, लहान आहे, विसरेल.
म्हणाली, बघा किती समजूतदार,
हट्ट नाही, रडणं नाही,
पाणी भरतो, आईला चहा करून देतो.
मी दिवसेंदिवस आणखी समजूतदार होत गेलो,
इतका, की खिचडीची ताटली पुढ्यात थिजून जाई
आणि गोट्या खिशात असून खेळ आठवत नसे.

तबस्सुम बाईंनी विचारलं नाही, काय झालं.
म्हणाल्या, कुठं दुखतंय, बोट ठेव.
मी बोट दप्तरावर ठेवलं.

मग गुरुवार. स्वारगेटवरून बस, ससूनची रांग, केसपेपर,
आई पदराआड तोंड लपवून,
कुणी ओळखीचं दिसायला नको.
आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मातीचा गोळा.
सात गुरुवार मी नुसता कालवा केला.
आठव्या गुरुवारी काठ.
त्यावर कोणाला बसवलं, ते त्यांनी विचारलं नाही,
मीच सांगितलं. घसा बसेस्तोवर सांगितलं.
बाहेर बाकावर आई रडत होती;
तिचाही केसपेपर त्याच दिवशी निघाला.

बरा झालो, असं नाही म्हणत.
एकेचाळिसावं चालू आहे, धायरीला दोन खोल्या,
आणि ऑक्टोबरात ते येतं तेव्हा येतंच.
फरक एवढाच, की पावलं ओळखू येतात:
दूध उतू जाताना नुसता बघत उभा राहिलो,
फोन वाजून वाजून गप्प झाला,
कामावर कुणी म्हणालं, हल्ली किती शांत झालास,
की मी शनिवारची वेळ घेतो.
बायकोला सांगतो, आलंय.
ती म्हणते, बरं, ये इथं, भेंडी चिर.

परवा सांची दोन दिवस गप्प होती.
नऊ वर्षांची. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या,
किती शहाणी झाली पोर.
माझ्या पोटातलं पाणी हललं.
तिच्याजवळ फरशीवर बसलो,
टीव्ही बंद न करता, अगदी सहज,
म्हटलं, कुठं दुखतंय, बोट ठेव.

तिनं तोंड उघडलं. दाढ.
मी इतका हसलो की ती घाबरली.
मग बॅटरी आणून नीट बघितलं,
आणि दाढ दाखवून झाल्यावरही
तिथंच बसून राहिलो थोडा वेळ,
आणखी काही असेल तर.