डांबरावरची नदी

ऑक्टोबरात, दुपारी बाराच्या सुमारास
टपालाची लाल स्कूटर घेऊन मी वळणावर येते
तेव्हा ते रस्त्याच्या मधोमध उभे असतात.
प्रार्थनाकीटक. हात जोडलेले, मान वाकडी.
गेल्या वर्षी इथं नवं डांबर पडलं,
काळं, गुळगुळीत, उन्हात ओलं दिसणारं.

उजिहारा-सान म्हणाले, चिरडू नकोस, पोटात तार आहे.
तार म्हणजे किडा. नावच तसं, हारीगाने-मुशी.
वीतभर लांब, शिसपेन्सिलीच्या रेघेइतका बारीक.
नदीत जन्मतो, एखाद्या पाणमाशीच्या पोटात बसून
फुकट काठावर येतो,
माशी खाल्ली जाते, आणि हा
नव्या घरात पाय पसरतो.
पाय नाहीत त्याला. पण पसरतो.

उन्हाळाभर खातो एक, अंगी लागतं दुसऱ्याच्या.
मग एके दिवशी
गवतातल्या त्या शिकाऱ्याला,
दवाच्या थेंबावर ज्याचं आयुष्य भागलं,
पाण्याची चमक दिसू लागते.
आडवी चमक. उजिहारा-सान तळहात सपाट धरून दाखवतात,
अशी.
नदीची अशीच असते.
आणि डांबराचीही.

काल एकाला उचलून मी बांबूत सोडलं.
कुरिसु आजींचं पेन्शनचं पाकीट देऊन परतले
तर तो पुन्हा रस्त्यावर. तोच, डावा पाय तुटका.
पुन्हा उचललं, लांब चहाच्या ओळींत नेऊन ठेवलं.
ओंजळ उघडली तशी त्यानं मान फिरवली, रस्त्याकडे.
हिरव्या डोळ्यांत एक काळा ठिपका,
तुम्ही कुठूनही बघा, तो तुमच्याकडेच बघतो.
मी विचारलं, आतून कोण बघतंय?
असलं विचारायला टपालवालीला वेळ नसतो.
तरी विचारलं.

तिसऱ्यांदा त्याला उतारावरून खाली नेलं,
हेल्मेटसुद्धा न काढता.
दगडावर ठेवलं. तो चालत गेला,
उशीर झालेल्या माणसासारखा, सरळ पाण्यात.
आणि मागून तार निघू लागली.
निघतच राहिली.
दुकान बंद करताना शटरची साखळी
हातावर हात टाकत ओढावी, तशी.
पाण्यात तिनं स्वतःचीच गाठ मारली, सोडवली, गेली.

तो तरंगत होता. रिकामा, पण जिवंत.
पाय मारत होता, आता काठाच्या दिशेनं.
म्हणजे आता त्याचा तो होता.
पाच सेकंद. सहा असतील.
मग खालून अमागो आला, कुशीवर लाल ठिपके,
आणि पाणी मिटलं.

संध्याकाळी उजिहारा-सानच्या अंगणात
मासा मीठ लावून काडीवर भाजला.
"शरदात हे मासे त्यांच्यावरच पोसतात," ते म्हणाले,
"तो चोर नसता तर ही काडी रिकामी असती."
काही बोलले नाही मी. काटेसुद्धा चोखले.
चविष्ट होता, खोटं कशाला बोलू.

आज वळणावर चार.
तीन चपटे, शेजारी तीन वाळलेल्या तारा,
नदीपासून साठ पावलांवर.
चौथा उभा.
मी स्कूटर बंद केली.
हेल्मेटच्या काचेतून रस्ता चमकत होता
पार देवदारांपर्यंत,
आणि मलाही क्षणभर वाटलं,
बूट काढून
पाय सोडून बसावं त्यात.