परत आलेला माल

वाशीला, हॉटेलच्या तळघरात
लघुउद्योजकांचा न्याहारी-मेळावा.
कुपन दिलं की उपमा. गळ्यात फीत,
फितीवर माझं आडनाव चुकलेलं :
सरखोतचं सरकत.
तसा सरकतच होतो मी,
या टेबलाकडून त्या टेबलाकडे.

तुम्ही काय करता?
रबरी गॅस्केट. रबाळ्याला.
वा.
आपण?
पावडर कोटिंग.
वा.

त्या ‘वा’च्या पुढे रस्ताच नव्हता.
साडेआठपर्यंत सतरा कार्डं खिशात
आणि चेहरा एकाचाही आठवेना.

मग निलोफर तुंगेकर.
महाप्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना,
साठीच्या पुढच्या, चष्म्याला दोरी.
कार्ड दिलं नाही, मागितलं नाही.
उपम्यातली मिरची बशीच्या कडेला लावत म्हणाल्या,
“परत आलेला माल कुठे ठेवता हो तुम्ही?”

मी हसलो. हसू अर्ध्यातच थांबलं.
कारण जागा आहे.
जिन्याखाली, जळक्या मोटारीशेजारी,
निळ्या ताडपत्रीत अकराशे नग,
आतला व्यास अर्धा मिलिमीटर जास्त.
चाकणहून आले तसे पडून आहेत.
घरी सांगितलंय, भंगारात विकले.

बोलत सुटलो.
त्यांनी मध्ये दोनदाच तोंड उघडलं.
“साचा कुणी केला होता?”
गोविलकरांनी. वागळे इस्टेटमधले, बाबांच्या वेळचे.
आणि बऱ्याच वेळाने,
“मग त्यांच्याशी बोलणं?”

उपम्यावर साय धरल्यासारखं काहीतरी आलं होतं.
मी चमच्याने ते मोडत बसलो.

पाम बीच रोडच्या सिग्नलला ध्यानात आलं,
मी त्यांना काहीच विचारलं नाही.
साधं, खोकी कोणती करता, एवढंही.

पुढच्या महिन्यात तोच प्रश्न
एका ॲपवाल्या पोराला टाकून बघितला.
तो म्हणाला, सर, आमच्याकडे माल नसतो.
वा, म्हणालो मी.

शेवटी फोन लावला. मॅडम,
मला नेमकं तेच कसं विचारलंत?
मागे कुठलं तरी मशीन धडधडत होतं.
“तुम्ही तोंडाने चांगल्या मालाचं सांगत होतात,
आणि बोटात एक काळी रिंग फिरवत होतात.
बसत नव्हती ती बोटाला.
सैल होती.”

किल्ल्यांच्या जुडग्यात आहे ती अजून.
अकराशेपैकी एक.

त्या दिवशी मीही विचारलं :
तुमची खोकी परत येतात का?
पाऊण तास गेला. ते इथे लिहीत नाही,
त्यांचं आहे.

परवाच्या मेळाव्यात पुन्हा तो पावडर कोटिंगवाला.
आडनाव विसरलो होतो, फितीवर वाचलं : पाटकर.
यावेळी आधी हात बघितले.
सगळी नखं घासून स्वच्छ,
उजव्या करंगळीचं तेवढं पिवळंधमक.

“हा पिवळा कशावरचा?”

त्याने नखाकडे बघितलं, मग माझ्याकडे,
आणि बशी खाली ठेवली.