मॅलकीची बोटं

करंगळी अठराशे अठ्ठ्याहत्तरची.
तिच्या शेजारचं बोट पुढच्या जूनमधलं,
फॉल रिव्हरच्या मैदानावर, ऊन थेट डोळ्यांत असताना.
मधलं दोनदा मोडलं,
दुसऱ्या वेळी त्यानं घरी सांगितलंच नाही.

तेव्हा हातमोजा कुणी घालत नसे.
घालणाऱ्याला बाकांवरून बायकी म्हणून हाका पडत.
आणि मी, जी खरोखरच बाई होते,
लिनच्या कारखान्यात दिवसाला साठ जोड शिवून
एप्रनच्या खिशातून चामड्याची कातरणं आणत होते
भावाची बोटं बांधायला.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.
त्याचा पहिला चेंडू मी शिवला होता.
आत रबराचा तुकडा, वर लोकर,
त्यावर कुणाच्या तरी फसलेल्या बुटाची जीभ.
मुकादमानं त्या बुटाचे पैसे माझ्या पगारातून कापले.

महिना पंचाहत्तर डॉलर,
असं त्यानं जेवताना सांगितलं तेव्हा
बाबांनी चमचा खाली ठेवला.
कशाचे?
सेंटर फील्डचे.
म्हणजे करायचं काय?
उभं राहायचं, मॅलकी म्हणाला,
आणि आई हसली, बाबा नाही.

मी एकदाच गेले बघायला.
गाडीभाडं, पंचवीस सेंटचं तिकीट, एका दिवसाची मजुरी.
त्याच्या पाठीमागे बग्ग्या उभ्या होत्या,
एक तपकिरी घोडा मैदानातलंच गवत खात होता
आणि मॅलकी इतका लांब, इतका बारीक,
की टोपीवरून ओळखला मी त्याला.

त्या दुपारी त्याच्याकडे एकही चेंडू आला नाही.
सगळे फटके डावीकडे, नाहीतर पिचरच्या पायाशी.
माझ्या शेजारचा माणूस भुईमुगाच्या शेंगा सोलत म्हणाला,
त्या मधल्याला फुकट पैसे देतात.
मी काही बोलले नाही. मी मोजत होते.
दर चेंडूला, बॅट हलायच्या आधी,
मॅलकी दीड पाऊल कुठेतरी निघालेला असायचा,
कधी मागे, कधी घोड्याच्या दिशेला,
आणि मग परत आपल्या जागेवर.
दोनशेच्या पुढे मोजणं सोडलं.
रात्री तो विचारत होता, कंटाळलीस ना?

तिसऱ्या वर्षी मालकानं ऑगस्टचा पगार दिला नाही.
मॅलकीनं मागितला.
एवढंच.
करारातल्या एका ओळीनं तो पुढच्या सालीही त्यांचाच होता,
आणि त्यांना नको होता,
म्हणून तो कुणाचाच नव्हता.
नाव एका यादीत गेलं.
यादी सगळ्या शहरांत गेली.

लिनला परत आला तर आरी धरवेना.
बोटं मिटायची, पण आपापल्या दिशेनं.
मग चामड्याच्या गोदामावर रात्रीचा पहारा,
कंदील, ओल, खोकला.
कुणी विचारलं तर म्हणायचा, तेच काम आहे,
उभं राहायचं.

फेब्रुवारीत गेला, चौतिसाव्या वर्षी.
ख्रिस्ताची जपमाळ गुंफायला हात जुळेनात,
अंत्यविधीवाला मिस्टर डेव्हलिन घामाघूम झाला
त्या थंडीत.
राहू दे, मी म्हटलं.
आहेत तसे ठेव, थोडे उघडे.

वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या.
टर्नी, असं छापलं होतं.
मी कचेरीत गेले, ओल्या बुटांनी, कामाचा अर्धा दिवस बुडवून.
कारकून चांगला होता, तरुण होता,
त्यानं नवी पेन्सिल काढली.
टियर्नी, मी म्हटलं. मॅलकी टियर्नी. एकसष्ट सामने.
कुठे खेळायचे?
मध्यभागी, मी म्हटलं, अगदी मागे.
त्यानं लिहून घेतलं.
दुसऱ्या दिवशी अंक उघडला:
टीर्नन.