सहावी खूण

पहिलं गणित ग्रेसच्या तीन मार्कांवर ओढून आणलं
तेव्हा दुकानात पेढे नाही, आलूबोंडे वाटले.
दुसरं गणित वेगळं. प्रज्वल म्हणाला,
काका, ह्यात 'किती' नाही विचारत,
'किती किती मिळून किती' असं विचारून राहिले.

संध्याकाळची बॅच, सदरच्या कॉलेजचा मागचा हॉल.
बाकावर अठरा-एकोणीसची पोरं, आणि मी एक्केचाळीसचा,
बोटांवर पत्र्याचे काप, नखांत रेडऑक्साइड.
दिवसभर कूलरच्या टाक्या वाकवतो.
साठ लिटर, ऐंशी लिटर, लग्नाच्या हॉलसाठी दोनशेची.
पत्रा हातात घेतला की कळतं पाणी किती मावेल.
कसं कळतं ते लिहिता येत नाही,
आणि मार्क तर लिहिण्यालाच असतात.

मार्चच्या शेवटी ढाबर्डे मॅडम म्हणाल्या, वह्या मिटा.
(स्कूटीच्या डिक्कीत डस्टर, पर्समध्ये सुपारी,
चिडल्या की मराठीतून सरळ वऱ्हाडीत.)
आम्हाला नाग नदीच्या पुलावर नेलं.
नदी म्हणजे... तुम्ही इथले असाल तर मी काय सांगू,
नसाल तर नाकाला रुमाल लावून वाचा.

हिच्या पोटाचं क्षेत्रफळ काढायचं, म्हणाल्या,
ह्या काठापासून त्या काठापर्यंत.
सूत्र कोणतं, मॅडम?
"नदीले कायचं सूत्र, निखाडे? खोली मोजा. दर दोन मीटरले."

दोरीला सळईचा तुकडा बांधून कठड्यावरून सोडला.
सळई दुकानातली, खुणा मीच पाडलेल्या.
प्रज्वल आकडे ओरडायचा, निलोफर लिहायची.
शून्य. चाळीस सेंटीमीटर. पंच्याऐंशी.
एक मीटर दहा. एक मीटर वीस.
सहाव्या खुणेला सळई अडकली.
गादी असेल, देवाचा पाट असेल, कोणाचं काय ठाऊक.
ओढली तर दोरी हातात आली, सळई खालीच राहिली.

दुसरी सळई शोधून पुढचं मोजलं:
ऐंशी, पंचेचाळीस, आणि पलीकडचा काठ, शून्य.
सोळा मीटर, आठ पट्ट्या, मधला एक आकडा गायब.
सिम्पसनच्या नियमात पट्ट्या सम लागतात,
गुणायचं एक, चार, दोन, चार, दोन,
आणि गायब आकडा नेमका चारने गुणायचा.

मी पाण्याकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहतो तसं.
म्हटलं, एक मीटर पाच.
"कशावरून?"
हातावरून.
पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत.
एकशे पाच लिहून त्याभोवती पेन्सिलने गोल काढला.
उत्तर आलं अकरा पॉइंट आठ चौरस मीटर.
"बरोबर आहे," म्हणाल्या, "गोल खरा असला तर."

तो गोल रात्री झोपू देईना.
रविवारी पहाटे बांबू घेऊन एकटाच गेलो.
अडकवणारं जे होतं ते वाहून गेलं होतं.
अठ्ठ्याण्णव.
सात सेंटीमीटर. माझ्या हाताची चूक सातची,
नियमाने आधी तिची चौपट केली,
मग बाकीचा हिशोब.

सोमवारी सांगितलं. मॅडमनी गोल खोडरबरने पुसला,
रबराचा चुरा फुंकरीने उडवला, आणि पुढचा धडा काढला.

पेपर झाला. निकाल अजून यायचाय.
काल मोमिनपुऱ्याचं एक गिऱ्हाईक आलं,
ऐंशीची टाकी दाखवा म्हणालं.
बाबा तिला ऐंशीचीच म्हणायचे, मीही वीस वर्षं म्हटलं.
काल आतून मोजली, पट्टीने, कोपऱ्यांच्या वळणासकट,
आणि खडूने लिहिलं: शहात्तर.
"काहून, बापा, तुमचीच टाकी चार लिटर कमी?"
तो शेजारच्या दुकानात गेला.
तिथं ऐंशी लिहिलेलं होतं.